उजव्या खांद्यावरचं जानवं

पहिल्याच भेटीत त्यानं माझे चार तास मारले.

डिसेंबर शहाण्णव. धारला विश्वासरावांच्या छापखान्यात मी सकाळी दहापासून एका साडीच्या दुकानाच्या कॅलेंडरवर बसले होते. कॅलेंडरवरच्या बाईच्या गालांवर मुरुमांचे डाग होते आणि ते एकेक करून पुसायचं काम माझ्याकडं होतं. शेवटचे दोन राहिले होते. तेवढ्यात दारातून एक उंच मुलगा आत आला, उन्हातून आल्यामुळं डोळे बारीक करून… आणि त्याचा पाय सरळ जमिनीवरच्या वायरीत अडकला.

पडदा काळा झाला.

"अरे… सॉरी हं," तो म्हणाला. "पर सेव तर केलं होतं ना तुम्ही?"

मला वाटलं, यंत्रच मेलं. या यंत्रासाठी विश्वासरावांनी वडिलांच्या वेळचं छपाईचं मशीन विकलं होतं, आणि ते माझ्या हाताखाली मेलं. मी काळ्या पडद्यावर बोट घासत राहिले.

"रडताय का?"

"नाही."

"मग ठीक. रडणाऱ्यांची मला फार भीती वाटते. उज्जैनला छापखान्यातले एक भिया रडले होते असेच… सात दिवसांचं काम होतं त्यांचं."

मला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं.

तो चिंतामणी पुराणिक, देवासचा. इंदूरच्या एका कंपनीत होता. माळव्यातले छापखाने फिरायचे, कॉम्प्युटर बसवायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे आणि फोटोशॉप शिकवायचं, हे त्याचं काम. आमच्याकडं मेमरी वाढवायला आला होता. त्यानं वायर खोचून यंत्र सुरू करून दाखवलं आणि एका चिठ्ठीवर जाड अक्षरांत ‘दर पाच मिनिटांनी सेव’ लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवली.

"मराठी बरोबर आहे ना हे? आमची शाळा हिंदी…"

"बरोबर आहे."

"मग चार तासांची माफी?"

"दोन तासांची," मी म्हणाले.

मी भित्री आहे, हे इथंच सांगून टाकते. माझे बाबा कराडहून पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा मी सात वर्षांची होते. शिफ्टची बस दहा मिनिटं उशिरा आली की आई आणि मी दारात उभ्या. कुणाचं बोट गेलं, कुणाचा हात गेला, अशाच गोष्टी त्या बसमधून घरी यायच्या. वाईट बातमी ही यायचीच असते, फक्त आज की उद्या, असं माझ्या मनानं तेव्हापासून धरलं होतं.

कॉम्प्युटरनं ती भीती वाढवली. माझ्याआधी हे काम गणोजी करायचे. मागून उजेड सोडलेल्या काचेवर फिल्म ठेवून, बारीक ब्रशनं, एकेक ठिपका. फिल्म हातात आली की तिचा कोपरा आधी ओठाला लावून बघायचे. जी बाजू चिकटली ती मसाल्याची, म्हणजे चित्राची. "पोरी, आधी बाजू बघायची, मग हात लावायचा," म्हणायचे. कॉम्प्युटर आला आणि गणोजी घरी बसले. जाताना ते कुणावर रागावले नाहीत, मला त्यांचे ब्रश देऊन गेले. त्या खुर्चीवर बसताना मला रोज वाटायचं, एक दिवस माझ्याहून हुशार काहीतरी येईल आणि मीही अशीच निघून जाईन.

त्यात तेव्हाच्या फोटोशॉपमध्ये मागं जायची सोय एकदाच होती. चूक झाली आणि लगेच दिसली, तर मागं जा. तिच्यानंतर आणखी एकदा जरी बटण दाबलं, तर ती चूक कायमची. वेगवेगळ्या थरांवर काम करून ठेवावं म्हटलं, तर दोन थरांतच यंत्राला धाप लागायची.

"कल्पनाजी," चिंतामणीनं एकदा विचारलं, "माऊस दाबताना तुम्ही श्वास रोखता?"

"हो."

"दर वेळी?"

"हो… का?"

"काही नाही. दिवसातून पाचशे वेळा होत असेल. मी मोजतोय मघापासून."

माझे कान तापले. कुणीतरी माझे श्वास मोजत होतं! पुढची दहा मिनिटं मला साधा श्वाससुद्धा नीट घेता आला नाही.

आमचं प्रेम, खरं सांगायचं तर, त्या यंत्राच्या मंदपणावर वाढलं. मोठ्या फोटोला धार द्यायची म्हटली तर पडद्यावर एक निळी पट्टी यायची आणि मुंगीच्या चालीनं पुढं सरकायची. अकरा मिनिटं. कधी चौदा. तेवढ्या वेळात काही करता यायचं नाही, यंत्राला हातही लावायचा नाही. महिन्यातून एकदा तो यायचा आणि आम्ही त्या पट्टीकडं बघत बोलायचो. एकमेकांकडं बघून बोलायची माझी तरी हिंमत नव्हती.

तो देवासच्या घराबद्दल सांगायचा. वडील लहानपणीच गेलेले. आत्या, म्हणजे अक्का, तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि तिनंच याला वाढवलं. आजोबांना सगळं घर दादा म्हणायचं. थोरल्या पातीच्या, म्हणजे देवासच्या थोरल्या राजघराण्याच्या, देवळात साठ वर्षं पूजा केलेले. घरात अजून सोवळं पाळत होते.

"तुमच्याकडं नाही?"

"आमच्याकडं नाही," मी म्हणाले. "आमच्यात मुंजही नसते."

"अच्छा," तो म्हणाला. पट्टी सरकत राहिली. त्याच्या त्या एका ‘अच्छा’वर मी पुढचे पंधरा दिवस काढले. त्यात काय होतं? काही होतं का? की नुसतंच होतं?

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर विश्वासरावांनी नवं यंत्र घेतलं आणि चिंतामणी त्यात पाचवं फोटोशॉप घालून देऊन गेला. निळी पट्टी आली आणि डोळ्यांदेखत संपली. चाळीस सेकंद. विश्वासराव खूश झाले. मी मात्र पट्टीच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. आता हा बोलणार कधी?

"घाबरलात?" त्यानं विचारलं. "अहो, हे तर बघा. याला हिस्टरी म्हणतात." पडद्यावर एक छोटी यादी उघडली होती. मी केलेलं एकेक काम तिच्यात ओळीनं लिहून येत होतं. "हव्या त्या ओळीवर जायचं. वीस पावलं मागं जाता येतं."

"म्हणजे चुकलं तरी चालतं?"

"वीस वेळा."

"आणि एकविसाव्या वेळी?"

"मला बोलवायचं," तो म्हणाला आणि या वेळी पट्टीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "तसंही बोलवत जा. चूक व्हायलाच पाहिजे असं काही नाही."

त्या यादीनं मला धीट केलं. हे मी गमतीनं सांगत नाही. दोन वर्षं मी प्रत्येक बटण श्वास रोखून दाबलं होतं. आता दाबून बघायला लागले. रंग उलटे करून बघ, आकाश बदलून बघ, माणूस इकडचा तिकडं करून बघ. नाही आवडलं तर मागं.

जानेवारीच्या शेवटी तो दादांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका घेऊन आला. दादांना एक्याऐंशीवं लागत होतं. चारशे पत्रिका, आत डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर मजकूर. फोटो सुरेख होता. दादा पाटावर बसलेले, अंगावर फक्त सोवळं आणि जानवं, चेहरा किंचित वळलेला.

"घरी सांगितलंय की धारची एक मुलगी करतेय," तो म्हणाला. "अक्का म्हणाली, मुलगी? मी म्हटलं, हो… फार छान करते."

"मग?"

"मग काही नाही. कार्याला या. या ना! अक्काला भेटाल."

मला त्या आमंत्रणाची इतकी भीती वाटली की मी लगेच मजकूर टाइप करायला घेतला. अख्खा जीव त्या पत्रिकेत ओतायचं ठरवलं. मी गेले नाही तरी माझं काम त्या घरात जाईल, आणि ते बघून अक्का म्हणतील… काहीतरी चांगलं म्हणतील.

फोटो पानावर लावला, तेव्हा दादा पानाच्या बाहेर बघत होते. मजकुराकडं पाठ. छापखान्यात हे चालत नाही, चेहरा नेहमी मजकुराकडं असावा लागतो. मी फोटो आडवा उलटवला, डावीकडचं सगळं उजवीकडं. एक बटण. दादा आता स्वतःच्या आमंत्रणाकडं शांतपणे बघत होते. मला फार आवडलं.

शुक्रवारी चिंतामणीनं माझ्याशेजारी उभं राहून प्रूफ बघितलं. बराच वेळ बघितलं. "एकदम मस्त," म्हणाला आणि खाली सही केली. शनिवारी चारशे पत्रिका घेऊन तो देवासला गेला.

सोमवारी सकाळी शाळेतल्या उमाबाई हळदीकुंकवाची कार्डं टाकायला आल्या. टेबलावर एक पत्रिका उरली होती. त्यांनी ती उघडली आणि चष्मा वर केला.

"अगं बाई! हे गृहस्थ कोणाचं श्राद्ध करताहेत?"

"श्राद्ध नाही, उमाबाई. सहस्रचंद्रदर्शन आहे त्यांचं."

"मग जानवं उजव्या खांद्यावर कसं? शुभकार्याला ते डाव्या खांद्यावर असतं. उजव्यावर घेतात ते फक्त मेलेल्यांसाठी. पिंड देताना, तर्पण करताना." त्यांनी पत्रिका पालथी ठेवली. "एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचा असा फोटो… कोणी केलं हे?"

मी पत्रिका परत सुलटी केली. आधी बाजू बघायची, पोरी, मग हात लावायचा. यादी पडद्यावर उघडी होती, पण पत्रिका देवासला पोचल्या होत्या. आणि त्या कोणाच्या घरी? जिथं मला चांगलं दिसायचं होतं, नेमक्या तिथं.

समोरच्या एसटीडीवरून पत्रिकेवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून एक करडा आवाज आला, "कोण बोलतंय?" अक्का. मी फोन ठेवून दिला. परत लावला. परत तोच आवाज, "कोण आहे?" परत ठेवला. मग विश्वासरावांना काहीतरी खोटं सांगितलं आणि बसस्टँडवर गेले.

धार ते इंदूर, इंदूर ते देवास. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पत्रिका मंगळवारी वाटायला काढणार, आधी एक गणपतीपुढं ठेवणार, असं चिंतामणी म्हणाला होता. म्हणजे गठ्ठा अजून उघडला नसेल. की उघडला असेल? दादांच्या हाती पडली असेल? म्हाताऱ्या माणसानं स्वतःला असं बघितलं आणि छातीत कळ आली तर? बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि दर वेळी मला उतरून परत फिरावंसं वाटत होतं. मी उतरले नाही, एवढंच. हे शौर्य नव्हतं. देवासला जायची भीती होती आणि न जाता धारमध्ये बसून राहायची त्याहून जास्त होती.

घर सापडलं. दार उघडंच होतं. ओसरीवर गठ्ठा सुटलेला, आणि एक उंच, सडपातळ बाई हातात पत्रिका धरून उभी. समोर चिंतामणी मान खाली घालून. मी उंबऱ्याबाहेर थबकले, दोघांचंही लक्ष नव्हतं.

"मीच फिरवला फोटो, अक्का," तो म्हणत होता. "ध्यानात नाही आलं."

"खोटं बोलू नकोस, चिंटू. आठव्या वर्षी मुंज झालेली तुझी. दोन्ही वेळची संध्या शिकवलीय दादांनी. ज्याच्या गळ्यात जानवं आहे त्याच्या हातून हे होणं नाही." अक्कांचा आवाज खाली आला. "हे त्या मुलीनं केलं. तिच्या घरात जानवं नाही. आणि तू तिच्यासाठी माझ्याशी खोटं बोलतोयस. म्हणजे… कोण आहे ती तुझी?"

ज्या गोष्टीचं आम्ही एकमेकांजवळही नाव घेतलं नव्हतं, ती माझ्या एका बटणानं उघडी पडली होती. चिंतामणीनं वर बघितलं आणि मी त्याला दिसले. त्यानं हळूच मान हलवली. नको, जा.

मी जाऊ शकले असते. अक्कांची माझ्याकडं पाठ होती.

"मी केलं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "मी केलं, अक्का. माझ्या हातून झालं. मला ठाऊक नव्हतं."

अक्का वळल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी चप्पल काढली होती, आत पाऊल टाकलं नव्हतं.

"सकाळी दोनदा फोन तूच केलास?"

"हो."

"ठेवलास का?"

"भीती वाटली."

त्या काही बोलणार तोच आतून हाक आली, "अक्के, पत्रिका आल्या का गं?" काठी टेकत दादा बाहेर आले. अक्कांनी पत्रिका चटकन पदराखाली घेतली.

"आल्यात, पण शाई ओली आहे, दादा. उद्या बघा."

"तीन दिवस ओली राहते का शाई? आण इकडं."

दादांनी हात पुढं केला तो मागं घेतलाच नाही, आणि शेवटी अक्कांनी पत्रिका त्यांच्या हातात ठेवली. मग तोंडाला पदर लावून त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. दादा खुर्चीत बसले. भिंग काढलं. फोटोवरून भिंग सावकाश फिरलं, एकदा, दोनदा. मी मनात देवाचं नाव घ्यायला गेले आणि मला एकही नाव आठवेना.

"हा बरा आलाय," दादा म्हणाले.

"दादा…" चिंतामणी पुढं झाला. "जानवं बघितलं का?"

"बघितलं की. साठ-सत्तर वर्षं रोज सकाळी गंध लावतो मी. आरशात जानवं ह्याच बाजूला दिसतं आणि हाच म्हातारा समोर असतो. तुमच्या बाकीच्या फोटोंतला माणूस मला नेहमी परका वाटतो. नाक भलतीकडंच गेलेलं असतं त्याचं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हा मी आहे. कोणी केलं हे?"

अक्कांनीच माझ्याकडं बोट केलं.

"का फिरवलंस, पोरी?"

"तुम्ही… तुम्ही पत्रिकेकडं पाठ करून बसला होता."

दादा हसले. दात नसलेल्या तोंडानं, खांदे हलवत. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "तुम्हाला हसू येतंय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. भाऊ गेला त्याच्या आधीही असंच काहीतरी झालं होतं. मला वाटलं, आता तुम्ही…"

तेव्हा मला कळलं, दोन बसा बदलून मी जिला घाबरत आले ती बाई सकाळपासून माझ्याइतकीच घाबरलेली होती.

"नव्या छापून घ्या," दादा म्हणाले. "अक्काच्या जिवाला घोर नको. ही एक माझ्याजवळ राहू दे."

अक्कांनी डोळे पुसले. मग माझ्याकडं आल्या. जवळून त्या आणखी उंच वाटत होत्या.

"कोणात तुम्ही?"

हा प्रश्न यायचाच होता. दोन वर्षं मी त्याची वाट बघत होते.

"मराठा. बाबा पीथमपूरला कारखान्यात आहेत."

"मुंज नसते तुमच्यात."

"नसते."

"मग तू चुकणारच," अक्का म्हणाल्या. "तुला कोण सांगणार होतं?" आणि त्या गर्रकन चिंतामणीकडं वळल्या. पत्रिकेसोबत आलेलं प्रूफ ओसरीवरच पडलं होतं, त्याच्या सहीचं. त्यांनी ते उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. "तुला मात्र ठाऊक होतं. ही सही तुझी. तू बघितलं होतंस ना हे?"

"हो."

"किती वेळ बघितलंस?"

"बराच वेळ."

"आणि एवढं ठळक जानवं दिसलं नाही? डोळे उघडे ठेवून बघत काय होतास तू?"

चिंतामणीनं एकदा दादांकडं बघून घेतलं. मग प्रूफकडं. त्याचेही कान लाल झाले होते. त्याला असं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला तो एकदम फार… फार आवडला.

"हिला," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी फरशीकडं बघत होते. आता बाहेर जा म्हणतील. आता म्हणतील. अक्कांची पावलं माझ्यासमोरून आत स्वयंपाकघराकडं गेली, तिथं भांड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

"चिंटू," आतून त्यांचा आवाज आला, करडाच, पण जरा भिजलेला. "चार पानं मांड. आणि तिला म्हणावं, उंबऱ्यात उभं राहू नये. आत ये."